सगुणाबाईंचा शनिवार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हासुद्धा किरकोळ पापं पुढं केली आणि हे मागं ठेवलं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

उस्मानपुऱ्यात आम्ही आठ-नऊ जण दर शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेला जमतो. सगळी संसारी माणसं. दोन नर्स, एक रिक्षावाला, मी मोजणी खात्यातला कारकून. पण दूरच्या एका बेनेडिक्टाइन ख्रिस्ती मठाशी वचनानं जोडलेले. घरात राहून मठाचा नेम पाळायचा. ठरल्या वेळी स्तोत्रं म्हणायची, कमी बोलायचं, स्वतःला लहान मानायचं. त्या नेमात सांगितलेल्या नम्रतेच्या बाराही पायऱ्या मला तोंडपाठ आहेत. पाठ असायला काय लागतं?

मठाची एक रीत आम्ही उचलली होती. स्तोत्र म्हणताना ज्याची चूक होईल त्यानं तिथंच वाकून जमिनीला हात लावायचा आणि पुढं जायचं. दुसऱ्यानं दाखवायची नाही. ज्याची त्यानं ओळखायची.

स्तोत्र म्हणायला प्रत्येकाचा शनिवार ठरलेला. सगुणाबाईंचाही होता. त्या दौलताबादच्या, शहरात शहागंजच्या बाजारात पेरू विकायच्या. अक्षरओळख नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या सुमारास, लहान असताना, शेळ्या राखता राखता वडिलांनी त्यांच्याकडून स्तोत्रं पाठ करून घेतली होती. म्हणताना त्यांची बोली त्यात शिरायची — ‘नाही’चं ‘नाय’, ‘फार’चं ‘लई’. ही चूक का? मी धरायचो. मनातल्या मनात.

एकदा मठातून एक फादर आले. त्यांच्यासमोर मी वाचलं — खणखणीत, कुठं न अडखळता. संपलं तशा सगुणाबाई म्हणाल्या, “वाचता तुमी लई भारी, भाऊ. पन जरा दमानं. देवाला काय बस धरायचीय व्हय?”

सगळे हसले. फादरही. मीही हसलो. मग फादरांनी सगुणाबाईंना स्तोत्र म्हणायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं. माझ्या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. प्रार्थनेत मी काय बघत होतो, बघा.

आठवडाभरानं मी शहागंजात त्यांच्या टोपलीपाशी गेलो. म्हणालो, फादर निरोप ठेवून गेलेत — यापुढं स्तोत्र पुस्तकात बघूनच म्हणायचं.

त्यांचा पेरू पुसणारा हात थांबला. “फादर म्हनले तसं?”

“हो.”

“मंग बरूबरच आसंल. म्या अडानी. काय बाय बोलत आसंल देवाला, इतकी वर्सं.”

वर एक पेरू दिला मला. तो मी खाल्ला.

त्यांचा शनिवार आला. त्या उठल्या. एक शब्द बोलल्या नाहीत — वाकल्या, जमिनीला हात लावला, बसल्या. न म्हटलेल्या स्तोत्राची चूक! ते मग मी वाचलं. पुढं सहा वर्षं असंच. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “आता याद ऱ्हात नाय.” लोक म्हणायचे, काय बाईची नम्रता! मी तसं मठाला पत्रात कळवलंसुद्धा.

यातल्या कुठल्याही शनिवारी मला बोलता आलं असतं. कशाची भीती होती? नम्र माणूस म्हणून नाव झालं होतं माझं — त्याचीच. आजही त्या आठ-नऊ जणांत बसतो, पण सोबत कुणाची वाटत नाही. नुसता माझा आवाज ऐकू येतो मला.

आता गुडघ्यांमुळं त्यांचं शहरात येणं थांबलंय. दौलताबादला लेकीकडं असतात. बसनं अर्धा-पाऊण तास. मी गेलेलो नाही. मागं लेक चर्चमध्ये भेटली. सांगत होती, “आई सांजच्याला बसती परार्थनेला, पन व्हट हालत नायत तिचे. म्हनलं, म्हन की मोठ्यानं. तर म्हनती, पुस्तक वाचता येत नाय मला.”

घरात, एकटी असतानाही.

फादर तसं कधीच म्हणाले नव्हते. एवढं एक वाक्य मी सगुणाबाईंना देणं लागतो — त्यांच्या तोंडावर, आणि शनिवारच्या सगळ्यांसमोर.