कोरा फ्लॅश

माझ्या थोरल्या चुलत्याने माझ्या आईला फसवलं. मग मला फसवलं, आणि माझ्या हातून एका निर्दोष माणसाची गळपट्टी धरवली. चौतीस वर्षं मी समजत होतो की फसवणारा तो फोटोग्राफर होता.

बहिणीचं लग्न पाथर्डी तालुक्यात, आमच्या गावात झालं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात चुलत्याचा शब्द चालायचा. आई दिवसभर मांडवाच्या मागे आचाऱ्यांजवळ उभी होती. पाठवणीच्या आधी बहीण स्टेजवरून उतरली आणि तिचा हात धरून ओढत घेऊन आली.

"आये, एक फोटू काढ माज्यासंग. मंग जाते मी."

आईने पदर सारखा केला. फोटोग्राफरच्या फ्लॅशचा उजेड पडला. मी समोरच होतो.

दीड महिन्याने अल्बम आला. आईने तो दोनदा शेवटपर्यंत पाहिला. मधले पातळ कागद नखाने वेगळे करत म्हणाली, "पानं चिकाटली का काय?" पानं चिकटलेली नव्हती. ती त्यात नव्हतीच.

त्या काळी एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे आणि लग्नात हौस दोनशे जणांना असायची. मग फोटोग्राफर रोल वाचवायचे. कॅमेरा डोळ्याला लावायचा, नुसता उजेड पाडायचा, फोटो काढायचाच नाही. मानकरी खूश होऊन खाली उतरायचा. याला कोरा फ्लॅश मारणे म्हणत.

"कोरा फ्लॅश मारला त्यानं," चुलता म्हणाला. "लबाड हाय त्यो. जा, इचार त्याला."

मी बावीस वर्षांचा होतो आणि डोकं आजच्यासारखंच तापट. एसटीने पाथर्डी गाठली, स्टुडिओत शिरलो आणि त्याची गळपट्टी धरली. "माझ्या आईवर कोरा फ्लॅश मारला का?" बाकावर पासपोर्ट फोटोसाठी आलेली चार माणसं बघत होती. त्याने हातातला कॅमेरा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हो. रोल संपला होता. चुकलं माझं."

दोन वर्षांनी आई गेली. तिचा एकही फोटो कुठेच नव्हता. दहाव्याच्या दिवशी मी वडिलांच्या तसबिरीशेजारी एक खिळा ठोकला. तो रिकामाच राहिला.

मी नगरला आलो. आधी सायकलवर भंगार गोळा केलं, मग हातगाडी, मग स्वतःचं दुकान. कुणी हात दिला नाही आणि मी मागितलाही नाही. एकदा तांब्यापितळेच्या पोत्यात एक कॅमेरा आला. मी तो उन्हातच पाठीमागून उघडला. आत रोल होता, ऊन लागताच वाया गेला. शेजारचा जुना व्यापारी कपाळावर हात मारून म्हणाला, "झालं! कुनाचं तरी बारसं जाळलंस बघ."

ते मला लागलं. तेव्हापासून कॅमेरा आला की मी आधी रोल गुंडाळून घेतो, मगच झाकण उघडतो. सापडलेले रोल धुवून आणतो. त्यातून अनोळखी माणसं निघाली. बैलजोडीसमोर ताठ उभा असलेला म्हातारा. चर्चच्या पायरीवर पांढऱ्या साडीतली नवरी. नेवाशाला नदीत पाय सोडून बसलेल्या तिघी बहिणी. ज्यांचा पत्ता लागला त्यांना मी फोटो नेऊन दिले. कॅमेरे मात्र ठेवले. आज कपाटात साठाच्या वर आहेत. लोक त्याला छंद म्हणतात. पण कुठल्याही स्टुडिओवाल्याशी घासाघीस करताना मला पाथर्डीचाच माणूस समोर दिसायचा आणि मी भाव आणखी खाली ओढायचो.

या उन्हाळ्यात त्याच्याच मुलीचा फोन आला. ती शाळेत शिकवते. वडील वारले, स्टुडिओ मोकळा करायचा आहे, तुम्ही कॅमेरे घेता असं कळलं. मी कोण, ते तिला माहीत नव्हतं. मी टेम्पो काढला. खरं सांगतो, त्या माणसाचं सगळं मातीमोलाने उचलायचं असं ठरवूनच गेलो.

"या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याला बुरशी लागलीय, ताई. नुसता शोभेला."

"मग शोभेच्या दुकानात जायचं ना, भाऊ. इथं कशाला ऊन खात आलात?"

"मी नाही उचलला तर मुंग्या उचलतील."

"उचलू द्या. मुंग्या घासाघीस करत नाहीत."

बाई तयारीची होती. शेवटी म्हणाली, कॅमेरे हवे असतील तर निगेटिव्हची खोकीही न्यावी लागतील. प्रत्येक लग्नाचं वेगळं पाकीट, वर गावाचं नाव आणि आडनाव. मी आमचं गाव शोधलं. पाकीट होतं.

खिडकीशी जाऊन पट्टी उजेडात धरली. एकतीस नंबरला माझी बहीण होती, आणि तिच्या शेजारी पदर धरलेली आई. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. आईचे केस पांढरेशुभ्र दिसत होते. तेवढं म्हातारं व्हायला ती जगलीच नाही.

एकतिसाच्या पुढे बत्तीस होता, तेहतीस होता, छत्तीसपर्यंत सगळे होते. रोल संपलेला नव्हता. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "नं. ३१. मुलीच्या थोरल्या चुलत्यांचा निरोप. विधवा बाई, अल्बमला नको. कॉपी काढू नये. निगेटिव्ह जपून ठेवणे."

मी मुलीला विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

ती म्हणाली, "बाबा सांगायचे. त्या बाईंवर कोरा फ्लॅश मारा, असा निरोप होता. बाबांनी खरा फोटो काढला, फक्त घरच्यांच्या शब्दामुळे अल्बमला घातला नाही. नंतर एक पोरगा गळपट्टी धरायला आला. खरं सांगितलं असतं तर त्या बाईंना कळलं असतं की घरच्यांनीच नको म्हटलं. म्हणून रोल संपला म्हणाले."

"तो पोरगा मी."

ती खोकी बांधायला सुतळी आणायला आत गेली. परत आल्यावर मी तिची माफी मागितली आणि तिने सुरुवातीला जो भाव सांगितला होता तोच दिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात हे पहिल्यांदा.

नगरला मोठी कॉपी काढली, काचेत बसवली आणि गावी चुलत्याच्या ओसरीवर गेलो. त्याचं वय पंच्याऐंशी आहे, पण नजर शाबूत आहे.

"तात्या, हे कोन हाय?"

"तुजी आय हाय." मग काचेवर बोट ठेवून, "कुठं घावला?"

"जिथं तुमी पुरला हुता तिथं. तुमीच नको म्हनले, आन् वर मलाच धाडलं त्याची गळपट्टी धराया?"

"त्या वक्ताला तसंच हुतं. लगीनघरात रांडाव बाई फोटूत चालत न्हवती. लोक काय म्हनले असते?"

"लोक जेवून गेले, तात्या. अल्बम आये बघत बसली."

"मेल्या मानसाचं आता काय घिऊन बसलास? नातीचं लगीन हाय घरात. शोभा करू नगं."

शोभा कुणी केली?

तात्या, तुम्हाला वाचता येत नाही, पण हे लिहिलेलं तुमचा मुलगा वाचून दाखवील. पुढच्या महिन्यात नातीच्या लग्नात मांडव असेल, माईक असेल. मंगलाष्टकांच्या आधी अर्धा तास पाहुण्यांची नावं घेता, त्यातली पाच मिनिटं मला हवीत. फोटोग्राफरच्या मुलीला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. तिची माझ्या वाटची माफी मी मागून आलो, तुमच्या वाटची तुम्ही मागा. आईचा फोटो हातात घेऊन मी समोर उभा राहीन. तो खिळ्यावर त्यानंतरच जाईल. एकतीस नंबर कुणी थांबवला, हे तुमच्या तोंडाने त्या माईकवर सांगा. तात्या, उत्तर द्या.