खिळ्यावरची मटकी

फडक्यात बांधलेल्या मटकीचा ओलसर वास आला की कोपरचं जुनं घर आठवतं. आई अचानक गेली तेव्हा मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला होते. ग्रीक ‘फ्युसिस’ म्हणजे निसर्ग, स्वभाव, पण मुळात आपलं आपण उगवणं, हे नुकतंच वाचलेलं. सुतकात घरचा गॅस बंद होता, पिठलं-भात शेजारून यायचा. एका सकाळी बघते तर आईनेच खिळ्याला टांगून ठेवलेल्या मटकीचे पांढरे मोड फडक्याबाहेर आलेले. मला रागच आला, तिच्याशिवाय ही वाढतेच कशी! पुरचुंडी फेकायला निघाले तर बाबा म्हणाले, “अगं, राहू दे. तिने भिजवलीय.” आंबली तरी ती तिथेच राहिली. आता मी एकटीपुरती मूठभर भिजवते. या घरात आपलं आपण वाढणारं तेवढंच आहे.