गाडी माणसांत आणली

आमची गाडी सेकंडहँड. बाहेरून बरी, आतून मात्र पार रया गेलेली. दाराच्या हँडलभोवतीचा चंदेरी रंग सोलून निघालेला, गिअरभोवतीच्या पट्टीवर नुसते ओरखडे. पण त्याच गाडीवर मी घोडबंदरच्या रस्त्यावर ड्रायव्हिंग शिकले होते, चाळिशीत, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत. आमच्या यांच्यापेक्षा मी बरी चालवते. हे मीच सांगते, कारण हे सांगणार नाहीत.

तर एकदा जेवता जेवता यांनी जाहीर केलं, "दसऱ्याला गाडी धाकट्याला देऊन टाकतोय. डबडं झालंय नुसतं. तो आतून नीट करून घेईल."

धाकटा म्हणजे माझे दीर, राहायला गोरेगावला. मला कोणी विचारलं? छे!

"आतूनच ना? मी करते," म्हटलं.

"तू?" हे हसले. "बरं, दसऱ्यापर्यंत माणसांत आण. मग ठेवू."

हसले ना, तिथेच माझं डोकं फिरलं.

नया नगरच्या हार्डवेअरवाल्याकडे पॉलिश पेपर, प्रायमर आणि चंदेरी स्प्रे मागितला. "भाभी, भाईसाब को भेजो ना," तो म्हणाला.

"भाईसाब को आराम करने दो. आप माल निकालो."

एकेक पट्टी सोडवून घरी आणली. स्क्रू मसाल्याच्या डब्यात ठेवले, दारांचे मोहरीच्या वाटीत, गिअरचे जिऱ्याच्या. फोडणीचं सामान तेवढे दिवस पुड्यांत राहिलं. पट्ट्या घासल्या, गॅलरीतल्या दोरीवर टांगून प्रायमर दिला, स्प्रे मारला, आणि मेला रंग धरेचना! जागोजागी फाटला, वाळल्यावर पापडासारखा उठला. हे दारातून डोकावून म्हणाले, "सांगितलं होतं." अस्सा संताप आला!

पुन्हा घासायला बसले तेव्हा बोटांना वास आला. खोबरेल! दर दसऱ्याला गाडीच्या पूजेआधी, चमक यावी म्हणून, हे आतून सगळीकडे खोबरेल तेल चोपडायचे. वर्षानुवर्षं. प्लास्टिकला मालिश! त्याच्यावर रंग बसणार, कपाळ!

"या, बघा तुमची करामत," म्हणत पट्टी यांच्या नाकाशी धरली. हसणं बंद झालं.

मग गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना ब्रश. करपलेली कढई घासावी तशा पट्ट्या घासल्या, त्यांच्यावर पाणी थेंब न धरता सरळ पसरेपर्यंत. या वेळी प्रायमर बसला. त्यावर रंगाचे पातळ हात दिले, घाई केली नाही, आणि रंगही बसला. सगळं परत जागच्या जागी लावलं तेव्हा मी एकटीच गाडीत बसून राहिले. फार बरं वाटत होतं.

दसऱ्याला दीर आले. दार उघडून त्यांनी हँडलवरून हात फिरवला. "वहिनी, कमाल केलीत! नवीनच वाटतेय. आता तर नेतोच."

आणि यांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. भावाला नाही म्हणवेना.

मला म्हणवलं. किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली. "गाडी कुठे जात नाही, भावजी. जेवून घ्या, मग स्टेशनला सोडते."

जेवणं झाली. मी स्टिअरिंगवर बसले. दीर सवयीने पुढचं दार उघडायला लागले.

"पुढे माझी पर्स आहे," मी म्हटलं. "मागे बसा."

ते बसले. हेही निमूटपणे त्यांच्या शेजारी जाऊन बसले.