तिघांची जागा आणि तीन टिंबं

आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मान देण्यावरच समाज उभा असतो. आमच्या गावात हा मान चारचाकीला देतात; तिच्यातून जो उतरेल तो स्टेजवर बसतो. मेडशीहून एसटीने आलेला समोर सतरंजीवर बसतो, मग तो कोणीही असो.

गावात पिण्याच्या पाण्याचा आरओ प्लांट बसला, तेव्हा सरपंचांनी माझ्या पुतणीला पाहुण्यांची नावं मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं काम दिलं. ती नुकतीच जावास्क्रिप्ट शिकली होती आणि गावातल्या मुलींना शिकवायला तिला ग्रामपंचायतीची रिकामी खोली हवी होती.

"स्क्रीन झकास चालली त खोली तुही," सरपंच म्हणाले.

पाहुणे तीन ठरले होते. तिने तीन नावं घेणारं फंक्शन लिहिलं, म्हणजे नावं दिली की स्वागताची पाटी तयार करणारा कोडचा तुकडा. तालमीच्या वेळी तिने दोनच नावं दिली, तर तिसऱ्या जागी उमटलं, 'अनडिफाइन्ड यांचे सहर्ष स्वागत'.

"हे साहेब कोन्त्या खात्याचे?" सरपंचांनी विचारलं.

"जागा ठेवली अन् कोनी आलं नाही, त असं दिसते भाऊ."

"राहू दे मंग. नाव भारदस्त हाये."

कार्यक्रमाला चारचाकीतून सात जण उतरले. तिने सातही नावं टाकली. स्क्रीनवर तीनच आली. जास्तीच्या नावांबद्दल जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, चूकही दाखवत नाही; ऐकून घेतं आणि गप्प बसतं. हा गुण मी पुष्कळ अधिकाऱ्यांत पाहिला आहे.

चौथं नाव सरपंचांच्या मेहुण्याचं होतं. तो खुर्चीवरून उठून निघाला.

"काहून वो पोरी, माह्या साळ्यालेच गायब केलं?"

"तुमी तिघंच सांगतले होते भाऊ."

"तिघं म्हंजे तिघंच असतेत का कुठी! खोलीचं मंग पाहू आता."

तिचा चेहरा उतरला, पण बोटं थांबली नाहीत. फंक्शनच्या कंसातली तीन नावांची जागा खोडून तिने एकच शब्द ठेवला, पाहुणे, आणि त्याच्या आधी तीन टिंबं दिली. त्यांचा अर्थ एवढाच, की जितके येतील तितक्यांची एक रांग कर. सातही नावं झळकली. मेहुणा बसला.

"आता अध्यक्षाची जागा येगळी कर. सगळ्यात शेवटी," सरपंच म्हणाले.

"टिंबांच्या मागं कोनालेच बसवता येत नाही भाऊ. पुढं बसवते."

अध्यक्ष पुढे बसले. तोवर आता कितीही नावं मावतात ही बातमी मंडपभर झाली होती. मंडपवाल्याचं नाव आलं, दोन ड्रायव्हरांचं आलं, लग्नामुळे येऊ न शकलेल्या एका भाच्याचंही आलं. स्वागत संपेना. उद्घाटन व्हायच्या आत पाहुण्यांनी प्लांटच्या टाकीतलं पाणी पिऊन संपवलं.

सरपंच मात्र खूश होते. त्यांनी माइकवरून खोली पुतणीला देऊन टाकली आणि टाळ्या झाल्या.

खोलीला अजून कुलूप आहे. तिच्या उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरलेलं नाही. मुली सध्या बसथांब्याच्या शेडमध्ये शिकतात. तिथे रेंजही बरी येते.