भाऊरावांचा हलका हात

दुसरबीडच्या भाऊरावांनी उमेदीची सारी वर्षं भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवली. पार्टीने सिंथेसायझर घेतला, तेव्हा तोही जिद्दीने शिकले. हात जड म्हणून पट्ट्यांचा ‘टच’ त्यांनी स्वतःच ‘हार्ड’वर ठेवला होता; जोरात दाबलं तरच आवाज भरून यायचा. गेल्या उन्हाळ्यात उजवी बाजू लुळी पडली. चालणं-बोलणं सुधारलं, पण बोटांत जोर आला नाही. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

विहाराच्या वर्धापनदिनाला भर दुपारी पार्टीतली गायिका कोकिळा गायला उभी राहिली. पहिल्याच कडव्याला सिंथेसायझरचे स्वर गळू लागले. लोक माना वळवून पाहू लागले. बोट पट्टीवर पडतंय पण जोर लागत नाही, हे भाऊरावांना कळत होतं. तरी ते साउंडवाल्या उत्तमरावांवर खेकसले, “तुही वायर खराब हाय बे! साऱ्या कार्यक्रमाचा इचका केला!”

उत्तमराव गुडघ्यांवर बसून वायरी तपासत राहिले. विहार मंडळाच्या अध्यक्षांनीही त्यांना चारचौघांत झापलं. भाऊराव मान खाली घालून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी कोकिळा सरावाला आली. तिने सिंथेसायझरचा मेनू उघडला.

“काका, टच ‘सॉफ्ट’वर करू? हलकं दाबलं तरी आवाज भरून येईन.”

भाऊराव चपापले. “तुले कसं समजलं?”

“लहानपणापासून तुमच्या बोटाइकडं पाहूनच तं मले गाणं उचलता येते.”

टच बदलल्यावर धडधाकट डाव्या हाताचा आवाज उजव्याचा आवाज झाकू लागला. तिने पट्ट्यांचे दोन भाग केले आणि डाव्या भागाचा आवाज उतरवला. मग उजव्या हाताचे स्वर पूर्वीसारखे भरून आले. ते ऐकून भाऊरावांना आणखीच मेल्यासारखं झालं. ते उठले आणि थेट उत्तमरावांच्या दुकानात गेले.

“वायर चांगली होती. माहा हात गेला. मले माहीत होतं.”

उत्तमरावांनी वर पाहिलं नाही. “हे मले काऊन सांगता? ज्याइच्यासमोर बोलले, त्याइले सांगा.”

भाऊरावांनी अध्यक्षांना आणि मंडळाच्या माणसांना विहारात बोलावून सगळं सांगितलं. बोलताना जोर नसलेला उजवा हात सगळ्यांसमोर मांडीवर होता. त्यांनी तो लपवला नाही.

पुढच्या कार्यक्रमाला साउंड उत्तमरावांचाच होता. त्यांनी मन लावून माइक जुळवले, पण एरवीसारखी “या भाऊ” अशी हाक काही दिली नाही. भाऊरावांनी गुमान आपली जागा घेतली.