दुसरा हप्ता येईपर्यंत

आमच्या विभागात संशोधन किती होतं ते विचारू नका, किस्से मात्र भरपूर होतात. फील्डवरून आलेलं माणूस आधी पाणी पितं, मग किस्सा सांगतं आणि डेटा सवडीनं देतं. मी मुळात कमी बोलणारी. लग्न झाल्यापासून तर आणखीच कमी, कारण सासरी माझ्या वाटचं बोलायलाही माणसं आहेत. त्यामुळे सांगायचे राहिलेले किस्से माझ्याकडेच साठले.

बीडच्या एका कॉलेजात मी आणि प्रज्ञा समाजकार्याचं एम.ए. करतो. विद्यापीठानं मुलांच्या हक्कांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी जाहीर केला. आम्ही अर्ज केला. विषय घेतला, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि लग्नाचं वय.

आमचे मार्गदर्शक सर विद्यापीठाच्या समितीपुढं जाऊन आले ते खुशीत. विषय मंजूर, फक्त शीर्षक बदलायचं. 'हक्क' काढून 'स्वास्थ्य' घालायचं. 'लग्न' नको, जिल्ह्याची बदनामी होते. 'ऊसतोड'ही नको, ते राजकीय वाटतं.

प्रज्ञानं शांतपणे विचारलं, "सर, 'मुली' ठेवायचं का?"

सर खरंच विचारात पडले.

*

निधीचा पहिला हप्ता आला दसऱ्यानंतर. आमच्या भागात दसऱ्यानंतर काय होतं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. टोळ्या ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यांकडं निघतात, सोबत लेकरंही. परततात ती उन्हाळ्यात. आणि हा हप्ता मार्चअखेर संपवायचा!

मांजरसुंब्याच्या अलीकडं एका वस्तीवर गेलो तर दारांना कुलपं, कोंबड्या आणि म्हातारी माणसं. एका आजोबांनी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. आम्ही लेकरांच्या अभ्यासाला आलोय हे समजल्यावर म्हणाले, "लई चांगल्या टायमाला आलात. काईच गर्दी न्हाई."

आमच्या अभ्यासाच्या वयोगटातली एकच मुलगी मागं राहिली होती. कोमल. नववीत. शाळेसाठी हट्ट धरून आजीजवळ थांबलेली. बाप जाताना म्हणाला होता, यंदा राहा, पुढच्या दसऱ्याला बघू. या 'बघू'चा अर्थ वस्तीवर सगळ्यांना माहीत होता. टोळीचा मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती जोडीला. नवराबायको मिळून एक कोयता. त्यामुळं इथं लग्नाचा मुहूर्त गळीत हंगाम काढतो.

*

मुलांशी बोलायचं तर आईवडिलांची संमती हवी. नियम चांगलाच आहे. कोमलचे आईवडील कोल्हापूरकडं उसाच्या फडात. त्यांचा फोन लागेना, म्हणून आजीनं मुकादमाचा नंबर दिला. त्यानं बापाला जवळ बसवून फोन स्पीकरवर टाकला. मी माहितीपत्रक वाचलं. सहभाग ऐच्छिक आहे, नाही म्हणता येतं, मध्येच सोडूनही जाता येतं, कोणी जबरदस्ती करणार नाही.

बाप काही बोलायच्या आत मुकादम म्हणाला, "सोडून जायची आमच्यात पद्धत न्हाई, ताई. सगळ्यांचं माझ्याकडनं 'हो' धरा."

*

दरम्यान सासूबाई आम्हा नव्या जोडप्याला नारायणगडाला दर्शनाला घेऊन गेल्या. येताना गाडीत त्यांनी विचारलं, तू त्या वस्त्यांवर पोरींना विचारतीस तरी काय. मी सांगितलं, एक प्रश्न असा आहे, की तू किती आनंदी आहेस, एक ते पाचमध्ये सांग. वस्त्यावस्त्यांवर मागं राहिलेल्या बहुतेक मुली पाच म्हणतात.

"पाचच म्हणणार," सासूबाई म्हणाल्या. "परक्या माणसाला कुणी दोन सांगतं का?"

घरी पोचले तोवर आईचा फोन. सुखात आहेस ना? मी म्हटलं, हो.

*

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या आणि कोमलला बघायला पाहुणे येऊ लागले. मी आजीला आधीच सांगून ठेवलं होतं, की अभ्यास दोन वर्षांचा आहे, पुढच्या फेरीलाही हीच मुलगी लागणार. ते खरंच होतं. आजीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. पाहुण्यांना चहा देऊन ती सांगायची, "पोरगी युनिवर्सिटीच्या सर्वेत धरलीय. रस्त्याच्या सर्वेतली जमीन इकता येती का? तसंच हाय हे."

दोन पाहुणे चहा पिऊन परत गेले. आमच्या अहवालात हे लिहायला रकानाच नव्हता. बाकी सगळे रकाने आम्ही भरले.

*

दुसरा हप्ता आलाच नाही. पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष पुरेसे नाहीत, असं विद्यापीठ म्हणालं. निष्कर्ष दुसऱ्या फेरीतून यायचे होते आणि दुसरी फेरी हप्त्यातून. सरांनी फील्ड बंद करायला सांगितलं. अभ्यास थांबला तर कोमलचं लग्न लागेल, हे मी सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, संशोधकानं मध्ये पडायचं नसतं, सॅम्पल बिघडतं.

मग आम्ही ग्रामसेवकाला भेटलो, कारण गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी त्याच्याकडं असते. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पुरावा लागतो, पत्रिका आणा. वस्तीवर पत्रिका कोण छापतं? हाक मारली की सगळं वऱ्हाड जमतं.

बाहेर आल्यावर प्रज्ञानं गाडीला किक मारली. म्हणाली, "चल, आपणच छापू."

आम्ही दोघी हसलो.

*

गणपती उठले त्याच आठवड्यात कोमलच्या बापाचा फोन आला. मी भेंडी चिरत होते. त्यानं आधी माझी, मग आमच्या ह्यांची खुशाली विचारली. मग म्हणाला, "ताई, तुमचं ते काम चालू हाय का बंद पडलं?"

मी म्हटलं, चालू आहे.

"मग येत कावून न्हाईत?"

म्हटलं, निधी अडलाय. आला की येतो.

तो रागावला नाही. घसा साफ करून म्हणाला, "चालू असल तर तसं सांगा, मी पाव्हन्यांना थांबवतो. बंद असल तर तसं सांगा. पर दसऱ्याच्या आत सांगा. मुकादमाला जबान द्यायचीय."

मी काही बोलायच्या आत फोन कुणीतरी घेतला. मागं भांड्यांचा आवाज होता, तो लांब गेला. कोमल घराच्या मागं आली असावी.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "विद्यापीठाला किती कमी पडतेत? माझ्याकडं शाळेतनं सायकलीचे पैसे आलेले हायत."