निम्म्या वाट्याची कोंबडी

माझ्या चुलत सासऱ्यांइतका, म्हणजे आमच्या मामांइतका कायदेपंडित अख्ख्या पोलादपूर तालुक्यात झाला नाही आणि होऊही नये. कायद्याचं एक अक्षर त्यांनी वाचलेलं नाही, पण त्यांच्याकडून सल्ल्याशिवाय कुणी परत गेलेलं नाही. न मागणाऱ्यालाही तो मिळतो. एकदा एसटीत शेजारी बसलेल्या नव्या जोडप्याला "उद्या तुमचं फाटलं तर पोर कुनाकडं?" हे त्यांनी इतक्या जिव्हाळ्यानं समजावलं, की जोडपं मधल्याच थांब्यावर उतरून गेलं. त्यांचं सगळं शास्त्र कोंबड्यांवर उभं आहे. त्यांच्या डोंगरातल्या वाडीत कोंबडी निम्म्या वाट्यानं पाळायला देतात. सांभाळणाऱ्यानं दाणा घालायचा आणि पिल्लं वाढली की निम्मी मालकाच्या अंगणात आणून सोडायची. यावरून कधी कुणी कोर्टात गेलेलं नाही.

त्यामुळे त्यांच्या मुंबईतल्या मुलाचा घटस्फोट होऊन नातीचा ताबा तिच्या आईकडे, म्हणजे सुनेच्या माहेरी तुडीलला गेला, तेव्हा मामा मला घेऊन महाडच्या वकीलबाईंपुढे बसले. "पोर सुनंनं सांभाळावी, माजं काय म्हननं नाय. पन आमचा वाटा?"

मूल ही कुणाची मालमत्ता नसते, कोर्ट त्याचं हित बघतं, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

"हितच तर सांगतोय! आमच्याकडं फनस हाय, डुंबायला व्हाळ हाय, मी हाय."

आणि पोरीलाच विचारलं तर? विचारतील, पण ती लहान आहे, तिच्या एकट्या शब्दावर निकाल होत नाही. आजोबांचा हक्क? आपोआप नाही, भेटीसाठी अर्ज करावा लागेल. आणि मेची सुट्टी? निम्मी वडिलांना मागता येते. हे ऐकताच मामांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बगा जावई, निम्मी! कोर्टालाबी आमचंच पटलंय!"

पण पोरीचे वडील, म्हणजे मामांचे चिरंजीव, फोनच उचलत नव्हते, आणि स्वतः अर्ज करायला मामा तयार नव्हते. "सुनंवर कागद धाडू? मंग पोर माज्याशी बोलंल काय?" परतताना एसटीत त्यांनी जन्मात पहिल्यांदा शेजारच्यालाच सल्ला विचारला. मला त्यांची फार दया आली.

पुढच्या रविवारी ते काळी कोंबडी बगलेत धरून तुडीलला निघाले. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, तर म्हणाले, "घ्या की, पन ती खिडकीत बसनार." दारात उभ्या उभ्याच त्यांनी सुनेला सांगितलं, "ही वाट्यानं ठेव गो. मे महिन्यात आमची निम्मी पिल्लं तेवढी वर आनून दे." सून याच मुलखातली. तिनं कोंबडीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि आतून टोपली आणली.

मे महिन्यात ती खरंच वाडीवर आली, डोक्यावर पिल्लांची पाटी आणि हाताला नात. पिल्लांबरोबर नातही निम्मी सुट्टी राहिली. वाटणीत एक पिल्लू जास्तीचं निघालं. मामा फार गंभीर झाले. "ते ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पुढल्या साली बगू."

तेव्हापासून दर वर्षी एक पिल्लू बाकी राहतं. काळीला मुंगसानं कधीच नेलं, हे नातीनं मला गुपचूप सांगितलंय. आई आता बाजारातून पिल्लं विकत आणते. यंदा तर ब्रॉयलरची पिवळी पिल्लं निघाली. मामा एक ओंजळीत घेऊन बराच वेळ निरखत बसले होते.

न राहवून मी म्हटलं, "मामा, ही काळीची वाटत नाहीत."

"रंग आज्याकडचा आला असंल," ते म्हणाले, आणि अंगणात नातीची वेणी घालणाऱ्या सुनेला त्यांनी जरा घाबरतच विचारलं, "गो, यंदाबी एक बाकी ऱ्हायलं ना?"

पाटीकडे न बघताच ती म्हणाली, "ऱ्हायलंय, मामंजी."